जादा कोर्टाचा शेवटचा दावा

न्यायदेवता आंधळी असली तरी चालते, तिच्या तराजूचा काटा जरा वाकडा असला तरी निभावून जाते. पण तिच्या दारात भांडण घेऊन कोणी आलेच नाही, तर मात्र तिचे काही खरे नाही. देवळाला भक्त लागतो, दुकानाला गिऱ्हाईक लागते, तसे न्यायालयाला भांडण लागते. भक्त आणि गिऱ्हाईक दुष्काळातही मिळतात. भांडणाचा दुष्काळ मात्र पृथ्वीवर फार थोड्या ठिकाणी पडला आहे, आणि त्यांतल्या दोन ठिकाणी क्विनलनसाहेब जातीने हजर होते. (हा त्यांचा दोष नव्हे. पण आपल्याकडे अशा माणसाला पांढऱ्या पायाचा म्हणतात, आणि साहेब तर डोक्यापर्यंत पांढरे होते.)

डॅनियल क्विनलन हे मूळचे आयर्लंडातले वकील. आयर्लंड म्हणजे इंग्लंडच्या पश्चिमेला, मधे थोडासा समुद्र सोडून असलेले बेट. इंग्रजांनी जग जिंकायला सुरुवात केली ती शेजारच्या घरापासून, कारण तेव्हा त्यांना लांबच्या प्रवासाची सवय नव्हती. तर एकोणीसशे वीस साली क्विनलन नवी सनद घेऊन आपल्या गावी आले, आणि नेमके त्याच वर्षी गावाने ठरवले की राजाच्या कोर्टाची पायरी चढायची नाही. गावच्या दूधडेअरीच्या मागच्या खोलीत लोकांचे स्वतःचे कोर्ट बसू लागले. तिथे न्यायाधीश होते साहेबांचे सख्खे चुलते, जे एरवी गुरांची दलाली करीत. समोरचा चहा निवायच्या आत त्यांचा निकाल होई.

इकडे राजाच्या कोर्टात माशी यायची तीही चुकून. तिकडची रीत अशी, की न्यायाधीशापुढे एकही गुन्हेगार आला नाही तर त्याला पांढऱ्या हातमोज्यांची जोडी नजर करायची. त्या वर्षी तिथल्या न्यायाधीशाकडे इतके हातमोजे साठले की त्याच्या बायकोने त्यांची उशी भरली, असे गावात सांगत. तरुण क्विनलन ही गोष्ट सांगून पोट धरून हसत. पुढे डेअरीतल्या कोर्टात वकिलालाही काम नसते असे कळले, आणि त्यांचे हसणे थांबले. मग पोटासाठी त्यांनी परीक्षा दिली आणि ज्या साम्राज्याचे कोर्ट त्यांच्या गावाने ओस पाडले होते, त्याच साम्राज्याच्या कोर्टात नोकरी धरून ते मुंबई इलाख्यात आले. वीस वर्षे कोर्टे गच्च भरलेली होती आणि साहेब सुखात होते.

त्रेचाळीस साली सरकारने त्यांना साताऱ्याच्या जादा कोर्टात नेमले. नेहमीच्या कोर्टांत दावे मावेनात म्हणून हे जादा. पहिल्या वर्षी तिथे चारशे बारा दावे होते. दुसऱ्या वर्षी एकोणनव्वद. पंचेचाळीसच्या जानेवारीत एक.

याचे कारण जिल्ह्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. गावोगाव लोकांनी आपल्या न्यायसभा बसवल्या होत्या आणि बांधाचे, विहिरीचे, नांदण्याचे तंटे देवळापुढे बसून मिटत होते. सरकारच्या लेखी मात्र अशी कोणतीही सभा अस्तित्वात नव्हती. (तिचे सभासद पकडून देणाऱ्याला बक्षीस होते, तो भाग वेगळा.)

सरकारातून पत्र आले. दावे का घटले याची कारणे कळवावीत. एकतीस मार्चला एकही दावा शिल्लक नसल्यास कोर्ट बंद करण्यात येईल.

साहेबांनी शिरस्तेदारांना बोलावले. आबाजीपंत देवस्थळी हे तीस वर्षे कोर्टाच्या कचेरीत मुरलेले गृहस्थ.

"साहेब, कारणे तीनच संभवतात," आबाजीपंत म्हणाले. "एक, लोक मेले. दोन, लोक सज्जन झाले. तीन, त्यांना न्याय दुसरीकडे मिळतो."

"खरे कोणते?"

"खरे तिसरे. पण ते लिहिले तर राजद्रोह होतो. पहिले लिहिले तर आरोग्यखाते हरकत घेईल. दुसरे लिहावे. सज्जनपणाचे खाते अद्याप कुणाकडे दिलेले नाही."

त्याप्रमाणे सातारा जिल्हा सज्जन झाल्याचे कळवण्यात आले. सरकारला ते पटले नाही. दावे सीमेपलीकडे सांगली संस्थानात जात असावेत, अशी शंका घेऊन तिकडे विचारणा झाली. तिकडून उलट टपाली उत्तर आले की आमचे दावे तुमच्याकडे येत असावेत असे आम्ही धरून चाललो होतो.

मग जादा कोर्टाने पक्षकारांच्या सोयीसाठी पुढील सुधारणा केल्या: आवारात रांजण भरून ठेवला, लिंबाखाली बाकडी टाकली, कोंडीबा पट्टेवाल्याला खणखणीत पुकाऱ्याऐवजी गोड आवाजात पुकारा करण्याची ताकीद दिली. तरी कोणी येईना, तेव्हा कोंडीबालाच खेड्यापाड्यांत धाडले, कुणाची काही तक्रार आहे का ते पाहायला. तो आठवड्याने परतला.

"एक तक्रार गावली व्हती, रावसाहेब. शेळीनं वाफा खाल्ल्याची."

"मग?"

"म्या समजूत घातली. मिटली."

आबाजीपंतांनी त्याच्याकडे असे पाहिले की कोंडीबा पुढे आठ दिवस रांजणाआडच बसत होता.

राहिलेला एकुलता एक दावा होता बिरोबावाडीच्या विहिरीचा. कोरेगावच्या पलीकडे माळावर ही धनगरांची वाडी. तिथल्या बयाबाईचा नवरा वारला, आणि धाकटा दीर धुळा याने विहीर आपल्या एकट्याची असल्याचे सांगितले. बयाबाईने दावा लावला. तेव्हाच्या नेहमीच्या कोर्टाने ताबडतोब 'जैसे थे' हुकूम दिला. आता जैसे थे म्हणजे काय, ते नीट समजून घेतले पाहिजे. निकाल लागेपर्यंत कोणाचाही तोटा होऊ नये म्हणून कोणालाही फायदा होऊ द्यायचा नाही, असा हा दयाळू हुकूम असतो. त्यानुसार नऊ वर्षे त्या विहिरीतून मोट चालली नव्हती. विहीर काठोकाठ भरलेली असे आणि दोन्हीकडची राने करपत. (बेडकांची बाजू कोणत्याही वकिलाने मांडलेली नसताना त्यांना मात्र पूर्ण न्याय मिळाला होता.)

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बयाबाई आणि धुळा कोर्टात आले. ते एकाच बैलगाडीतून आले. एवढ्यावरच थांबले नाहीत. लिंबाखाली बसून त्यांनी एकाच फडक्यातली भाकरी खाल्ली, आणि धुळ्याने वादीला कांदा फोडून दिला.

आबाजीपंतांनी हे खिडकीतून पाहिले. ते तसेच साहेबांच्या खोलीत गेले.

"साहेब, वादी-प्रतिवादी जेवताहेत."

"जेवू द्या की."

"एकत्र जेवताहेत."

साहेबांनी टाक खाली ठेवला. जादा कोर्टावर सतरा नोकर, तीन वकील, स्टँप विकणारा एक, अर्ज लिहिणारे दोन आणि तासगावहून ठरलेल्या तारखांना येणारा एक साक्षीदार (त्याने विहीर पाहिलेली नव्हती, पण सांगत असे अगदी डोळ्यांपुढे उभी राहील अशी) एवढ्यांची पोटे अवलंबून होती. ती सारी आता त्या कांद्यावर येऊन ठेपली होती.

आबाजीपंतांनी प्रयत्न सोडला नाही. कोंडीबाला त्यांनी लिंबाखाली पाठवले.

"धुळा, गड्या," कोंडीबा कानाशी लागून म्हणाला, "ती तुला चोर म्हणत व्हती रं, मघाशी."

"मघाशी व्हय?" धुळा म्हणाला. "आवं, ती रोजच म्हणती. आज जरा उशीर झाला म्हणायचा."

दुपारी अर्ज पुढे आला. आमचे मिटले आहे, दावा काढून टाकावा, मनाई उठवावी. बयाबाई पिंजऱ्याला धरून उभी राहिली. साहेबांचे मराठी परीक्षेच्या पुस्तकातून आलेले होते.

"बाई, आपणांस या न्यायालयाविषयी काही गाऱ्हाणे आहे काय?"

"न्हाई बा. लय चांगलं हाय. सावली हाय, पाणी हाय." बयाबाई म्हणाली. "पर सायेब, यंदा शाळू पेरलाय म्या. पोटरीला आलाय. आठ दिसांत पाणी न्हाई मिळालं तर कणसाऐवजी नुसता कडबा हातात येईल. इहीर कोरडी असती तर नशीब म्हणलं असतं. भरलेली बघवत न्हाई."

"मिटले कोठे?" आबाजीपंतांनी विचारले.

"बिरोबाच्या देवळाम्होरं."

"मिटवले कोणी?"

ज्यांनी मिटवले त्यांची नावे सांगावीत तर ते तुरुंगात जाणार. धुळ्याने खाकरून घेतले.

"आमचं आमीच."

"नऊ वर्षे मिटले नाही, ते आपले आपण कसे मिटले?"

"कटाळा आला."

"कंटाळा हे कारण कायद्यात नाही," आबाजीपंत म्हणाले. मग त्यांनी साहेबांना बारीक आवाजात कायद्याची बाजू समजावली. हे भांडण एका सभेने मिटवले आहे. ती सभा सरकारच्या मते अस्तित्वात नाही. अस्तित्वात नसलेल्या सभेने मिटवलेले भांडण मिटलेले धरता येत नाही. सबब ते चालू आहे. वादी-प्रतिवादींना ते मिटल्यासारखे वाटत असल्यास तो त्यांचा गैरसमज असून, तो दूर होण्यासाठी त्यांना पुढची तारीख द्यावी. एप्रिल बरा.

युक्तिवाद निर्दोष होता. साहेबांनी टाक उचलला.

"सायेब," बयाबाई म्हणाली, "एक इचारू का? तुमी विंग्रज न्हाई म्हणत्यात. तुमचा मुलूख येगळा, आन् त्यो बी विंग्रजानं घेतलेला. खरं हाय का?"

साहेबांना हा प्रश्न हिंदुस्थानात वीस वर्षांत कोणी विचारला नव्हता. ते खूश झाले. आपण इंग्रज कसे नाही हे त्यांनी सविस्तर सांगितले. भाषा वेगळी, देऊळ वेगळे, दुष्काळ वेगळा. बयाबाईने सगळे ऐकून घेतले.

"व्हय," ती म्हणाली. "पर खुर्ची त्येचीच हाय न्हवं?"

कोर्टात हसू आले ते कोंडीबाला, आणि तो रांजणाआड गेला. साहेब बराच वेळ खुर्चीच्या हातावरची नक्षी पाहत राहिले. डेअरीतल्या कोर्टात चुलते दुधाच्या उपड्या बादलीवर बसत, हे त्यांना आज फार वर्षांनी आठवले. मग त्यांनी एप्रिल खोडले आणि लिहिले: वादग्रस्त जागेची कोर्ट समक्ष पाहणी करील. परवा.

जागेची पाहणी कायद्यात आहे. ती कोणी करत नाही, एवढेच.

ठरल्या दिवशी टांगा बिरोबावाडीत पोचला तेव्हा विहिरीभोवती वाडी जमली होती. पाचसहा जण घोंगडी पांघरून जरा बाजूला उभे होते. सर्वांत पुढच्या माणसाने टांग्याचे घोडे धरले. त्याचे चित्र साहेबांनी साताऱ्याच्या चावडीवर बक्षिसाच्या आकड्यासह पाहिले होते. चित्रात मिशी जास्त होती. साहेबांनी आभार मानून टोपी त्याच्याच हातात दिली.

बयाबाईने धुळ्याच्या कपाळाला बिरोबाचा भंडारा लावला. साहेबांनी विचारले, "विहीर कोणी खणली?"

धुळ्याने साताऱ्यात शपथेवर सांगितले होते की विहीर आपण एकट्याने खणली आणि भाऊ त्या वेळी मेंढरे घेऊन आटपाडीकडे होता. आता तो पाण्याकडे बघत म्हणाला, "दोघांनी. सुरुंग त्यानंच लावला. दोन बोटं गेली त्येची त्यात."

"मग कोर्टात तसे का सांगितले नाही?"

धुळ्याला प्रश्नच कळला नाही.

"आवं सायेब, कोर्टात कोर्टावाणी बोलावं लागतं. खरं बोलायचं तर वकील कशापायी दिला म्हणायचा? ह्यो भंडारा हाय."

आबाजीपंत मान डोलावत होते. तीस वर्षांत न्यायदानाची पद्धत इतक्या थोडक्यात कोणी मांडली नव्हती.

साहेबांनी दगडावर बसून निकाल लिहिला. बादशहांच्या नावाने हुकूम करण्यात येतो की विहिरीत दोघांचा निम्मा हिस्सा आहे, चार दिवस बयाबाईची पाळी, चार दिवस धुळ्याची, मनाई उठवली. तो मराठीत वाचून दाखवला. घोडे धरलेला माणूस पुढे झाला.

"निकाल लय बरुबर हाय, सायेब. आमचा बी ह्योच व्हता."

साहेब म्हणाले, "ते मला ठाऊक असता कामा नये," आणि टोपी मागून घेतली. त्या संध्याकाळी नऊ वर्षांनी मोट चालली. शाळू वाचला. फेब्रुवारीच्या शेवटी कणसे अशी भरली की ताटे वाकली.

येथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण माणसाचे पोट भरले की त्याला विचार करायला सवड मिळते.

कोरेगावच्या बाजारात मानसिंग नावाच्या व्यापाऱ्याने धुळ्याला विचारले, "नऊ वर्षांचा दावा, आन् एका दुपारी निकाल? काय चारलं सायबाला?"

"काय न्हाई."

"तू न्हाई दिलंस. मंग दिलं कुणी?"

धुळा बाजार अर्धा टाकून निघाला. घरी येऊन त्याने विचारले, "वैनी, खरं सांग. सायबाला काय दिलंस?"

"म्या?" बयाबाई म्हणाली. "म्या आजवर तुलाच भीत व्हते. म्हणलं, निम्मी इहीर ह्यो गप कसा देतोय. तूच आतून काय तरी ठरवलंस."

तरी दोघे शहाणे. फुकटचा निकाल टिकत नाही, तेव्हा दोघांनी मिळून काहीतरी देऊन तो पक्का करावा, असे ठरले. कोकरू घेऊन ते साताऱ्याला साहेबांच्या बंगल्यावर गेले. साहेबांनी कोकराच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ते परत दिले.

परतीच्या गाडीत दोघे एकमेकांकडे पाठ करून बसले. सायबाने कोकरू घेतले नाही, याचा अर्थ उघड होता: समोरच्याने मेंढा दिलेला होता.

वाडीच्या पंचांनी समजूत घातली. "आरं, आमी बी त्योच निकाल दिला व्हता, आन् आमी काय घेतलं व्हतं?"

धुळा विचारात पडला. "त्ये बी इचारायचं ऱ्हाऊनच गेलं," तो म्हणाला.

एकतीस मार्चला जादा कोर्टात दप्तरे बांधून झाली होती. रांजण पालथा घातला होता. साडेचारच्या सुमारास धुळा वकिलासह आत आला. नवा दावा: मागचा निकाल साहेबांना काही देऊन मिळवलेला असल्याने रद्द व्हावा. आबाजीपंतांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि कपाळाला लावला. पाठोपाठ बयाबाईचाही आला, त्याच मजकुराचा. जादा कोर्ट वाचले. स्वतःवरच्या दाव्यात साहेबांनी स्वतः बसणे बरे दिसेना, म्हणून सरकारने त्यांना, कोर्ट जिवंत ठेवल्याबद्दल अभिनंदन करून, ठाण्याला बदलले. त्यांच्या जागी आलेल्या न्यायाधीशांनी पहिल्याच दिवशी विहिरीला जैसे थे दिले.

साहेबांनी काय घेतले याची रीतसर चौकशी झाली. एकोणीस साक्षी झाल्या. शेवटी एवढे सिद्ध झाले, की निकाल वाचून झाल्यावर साहेबांना तहान लागली आणि बयाबाईने विहिरीतले पाणी तांब्याभर आणून दिले. वादग्रस्त मालमत्तेपैकी एक तांब्या न्यायालयाने प्राशन केला. त्यापलीकडे काही आढळले नाही.

वाडीची माणसे अडाणी. त्यांना इतका सरळ न्याय झेपला नाही, हे आपण समजू शकतो. तुम्ही शिकलेले आहात. साहेबाने खुर्ची सोडून टांगा जोडला, तेव्हा "यात त्याचे काय असेल?" असे तुमच्या मनात आले असेल, पण तुम्ही ते बोलून दाखवले नाही. आणि आता तांब्याचे वाचल्यावरही तुम्ही एवढेच म्हणालात, तेही मनातल्या मनात, की म्हणजे घेतलं तर खरं.